बालवर्गातला शरद

बडोद्यातील पुष्कळ बालवर्गांच्या भिंतींवर हल्ली ऋतूंचा एक तक्ता टांगलेला दिसतो. त्यात चार चौकोन असतात. एकात बर्फाचा माणूस, दुसऱ्यात फुलांचा ताटवा, तिसऱ्यात समुद्रकाठची रंगीत छत्री, आणि चौथ्यात पिवळी-तांबडी पाने गाळीत उभे असलेले एक झाड. झाडाशेजारी स्वेटर घातलेली एक मुलगी पानांच्या ढिगात उड्या मारीत असते. ह्या चौकोनाखाली 'ऑटम' असे लिहिलेले असते. तो घरच्या भाषेतून समजावून सांगण्याची वेळ आली म्हणजे बाई सांगतात, "ऑटम म्हणजे शरद ऋतू. शरदात झाडांची पाने गळतात." चार वर्षांचे पोर मान डोलावते, बाई सांगतात ते खरेच असणार! त्याच वेळी खिडकीबाहेरचा कडुलिंब चार महिन्यांच्या पावसाने न्हाऊन हिरवागार उभा असतो, वर्गातला पंखा गरगर फिरत असतो, आणि बाहेर आश्विनातले ऊन ३५ अंशांच्या आसपास तापलेले असते.

त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्यात पावसाळाच नाही! ज्या शहरात २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांतून शिरले, लोकांना गच्च्यांवर दिवस काढावे लागले आणि पाण्याबरोबर मगरी रस्त्यावर आल्या, त्या शहरातल्या मुलांना ऋतू शिकविताना पावसाला जागा सापडू नये, ही मोठी नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

तक्ता छापणाऱ्यास फार दोष देण्यात अर्थ नाही. तो ज्या देशांच्या चित्रांवरून उतरला आहे तेथे तो खराच आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या उत्तरेकडील भागांत सप्टेंबरनंतर दिवस भराभर आखूड होतात, थंडी पडू लागते, आणि झाडे पानांतील हिरवे द्रव्य मोडून त्यातले जे घेण्याजोगे असेल ते आत ओढून घेतात. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांत तांबडा रंग त्याच सुमारास नव्याने तयार होतो. मग पाने गळतात, कारण पुढच्या हिमात ती टिकणार नसतात. आपल्याकडे झाडाला हिमाची भीती नाही, तहानेची आहे. पावसाचे पाणी जमिनीत असेतोवर ते पाने कशाला टाकील? ओल सरत आली म्हणजे, शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास कडुलिंब, पिंपळ, शिरीष, पळस ही झाडे पाने उतरवितात. मराठी भाषेने पानगळ शिशिराच्या पदरी बांधली ती उगीच नव्हे. 'ऑटम'ला शब्दकोशात 'शरद' हा प्रतिशब्द मिळाला, आणि त्या शब्दाबरोबर तिकडची पानगळही आमच्या आश्विनात येऊन पडली, एवढाच हा प्रकार आहे.

एवढ्याशा गोष्टीचा इतका बाऊ कशाला, असे वाचकांपैकी कुणी म्हणतील. मोठेपणी मूल भूगोल शिकेल, तेव्हा त्याला सारे उलगडेल, हेही खरे. परंतु बालवर्गाच्या वयात मूल शरद किंवा शिशिर ह्यांच्यापेक्षा एक फार मोठी गोष्ट शिकत असते. आपल्या डोळ्यांना दिसते ते आणि शाळेत सांगतात ते एकमेकांशी जुळते की नाही, हे ते पारखीत असते. जुळत नाही असे वारंवार आढळले म्हणजे ते डोळ्यांचा नाद सोडते आणि तक्त्याचा धरते. पुढे चौथी-पाचवीत गेल्यावर 'तुझ्या अंगणात काय दिसते ते पाच वाक्यांत लिही' असे सांगितले, की तेच मूल पुस्तकातले अंगण लिहून आणते, आणि आपण त्याला निरीक्षण नाही म्हणून रागे भरतो.

बडोद्याने तरी ह्या बाबतीत मागे राहू नये, असे वाटण्याला आधार आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला, हे येथील जुन्या घराण्यांना सांगावयास नको. भावनगरही आपल्याला परके नाही. तेथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गुजराती गिजुभाई आणि मराठी ताराबाई ह्यांनी खांद्याला खांदा लावून केलेले ते काम म्हणजे आमच्यासारख्या दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्या लोकांना घरचेच कार्य वाटावे असे आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांच्यासह जे केले, त्यातला एक धडा तर थेट आमच्या विषयाचा आहे. मॉन्टेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यात कोठून आणावयाची? तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले, खडे ह्यांनाच त्यांनी साधने केले. आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली.

शरद शिकवावयाचा तो असाच. पण त्याआधी मुलाच्या वयाचा थोडा विचार केला पाहिजे. चार वर्षांच्या मुलाने आयुष्यात चारच शरद पाहिलेले असतात. त्यातला पहिला पाळण्यात गेला, दुसरा रांगण्यात. तिसऱ्याचे त्याला अंधुक आठवत असेल तर असेल. 'दर वर्षी असे होते' ह्या वाक्यातील 'दर वर्षी' म्हणजे काय, हे त्याला कळणे शक्य नाही. ऋतू ही मोठ्यांच्या आठवणीने बांधलेली वस्तू आहे. मुलाजवळ असतो तो फक्त आजचा दिवस, आणि फार तर काल. म्हणून 'शरद म्हणजे काय' ह्या प्रश्नापासून आरंभ करणारा पाठ फुकट जातो. काल चिखल होता तेथे आज भेगा पडल्या आहेत, इतके दाखविले तरी पुरे. बूट बुडत होता तेथे आज मातीची खपली उचलता येते! ही खपली हातात घेतलेल्या मुलाला पाऊस गेल्याचे सांगावे लागत नाही.

पाण्याचेही तसेच. शरदात नद्या निवळतात असे आपण पूर्वापार वाचीत आलो. आमच्या विश्वामित्रीला शहराचे सांडपाणी मिळत असल्याने तिच्या काठी मुलांना नेऊन 'पाहा कशी नितळ झाली' असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. (हा विषय बालवर्गाचा नसून थोरांचा आहे, तेव्हा येथे तो वाढवीत नाही.) पण काचेच्या बरणीत गढूळ पाणी भरून ती खिडकीत ठेवली आणि कुणी हलवू नये अशी ताकीद दिली, तर दुसऱ्या दिवशी मुलांना नदीचे गुपित बरणीत दिसते. वर स्वच्छ पाणी, खाली मातीचा थर. मग एखाद्याला बरणी हलवू द्यावी. तो पाऊस. पुन्हा ठेवून द्यावी. तो शरद. बरणी पुन्हापुन्हा हलवावीशी वाटेल, त्यालाही हरकत नसावी. मुलांचा पाऊस आठवडाभर लांबला म्हणून काही बिघडत नाही.

पारिजातकाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण शरदाला शोभेल असे दुसरे बालशिक्षणाचे साधन मला ठाऊक नाही. हे झाड संध्याकाळी फुलते आणि उजाडण्यापूर्वी आपली फुले खाली टाकते. सकाळी शाळेत येणाऱ्या मुलांना झाडावर चढावे लागत नाही, फांदी ओढावी लागत नाही, माळ्याचा ओरडा खावा लागत नाही. पडलेले फूल देवाला वाहू नये अशी आपली रीत, पण प्राजक्ताला तिच्यातून सूट आहे. तेव्हा आजीही रागावत नाही. मुलांनी ओंजळीत फुले आणावीत आणि पांढऱ्या पाकळ्या मोजाव्यात. कुणाच्या फुलाला पाच निघतील, कुणाच्या सहा, कुणाच्या सात. 'प्राजक्ताला पाकळ्या किती?' ह्या प्रश्नाला एकच उत्तर नाही हे पाहून मुले प्रथम भांडतात आणि मग एकमेकांची फुले तपासू लागतात. त्या केशरी देठांचे पुढे काय करावयाचे हे आपल्या पणज्यांना माहीत होते. देठ खुडून वाळवावेत, कोमट पाण्यात टाकावेत, आणि त्या पाण्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बुडवावा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला हातरुमालाएवढा केशरी-पिवळा तुकडा मिळाला, तर तो तक्त्यातल्या तांबड्या झाडापेक्षा घरी अधिक कौतुकाने दाखविला जाईल.

आता हादग्याकडे वळू. कुणी त्याला भोंडला म्हणतात. नवरात्र आले की बडोद्यात गरब्याचा घोष एवढा असतो की पाटावर हत्ती काढून चार मुलींनी फेर धरणे घराघरांतून मागे पडत चालले आहे. गरब्याबद्दल तक्रार नाही. तो येथल्या भूमीचा आहे आणि आमच्या लेकीसुना त्यात हौसेने रमतात. मधोमध छिद्रांच्या मडक्यात दिवा आणि भोवती फेर, किंवा मधोमध हत्ती आणि भोवती फेर, ह्या दोन्ही चाली बहिणी-बहिणीच म्हणाव्यात. परंतु हादग्यात बालवर्गाच्या दृष्टीने जे आहे ते गरब्यात नाही, आणि ते म्हणजे खिरापत.

वाचकांपैकी ज्या आज आजी आहेत त्यांना तो खेळ आठवत असेल. गाणी संपली की यजमानीण झाकणाचा डबा घेऊन येते आणि आत काय आहे ते ओळखावयास सांगते. डबा हलवून दाखविते. खुळखुळ वाजला तर शेंगदाणे, फुटाणे. दबका आवाज आला तर लाडू, नाही तर वडी. काहीच वाजले नाही तर शिरा! कुणी चतुर मुलगी नाक जवळ नेते आणि वेलदोडा हुंगते. 'गोड की तिखट?' असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर मिळाले की अर्धी नावे बाद होतात. मॉन्टेसरीबाईंनी आवाजाच्या डब्या करून त्या हलवून जोड्या लावावयास मुलांना शिकविले, त्याला आपण ज्ञानेंद्रियांचे शिक्षण म्हणतो आणि त्या साधनाचे पैसे मोजतो. आमच्या आज्यांच्या डब्याला कुणी शास्त्रीय नाव दिले नाही, पण कान, नाक आणि तर्क ह्या तिघांना तो एकदम कामाला लावी, आणि शेवटी खावयास मिळे ते वेगळेच. काही घरी तर पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवीत नेण्याची चाल होती. रोज एकाने वाढणारी ही गणती मुलांना पाटीवरच्या आकड्यांपेक्षा लवकर उमगते. मात्र सोळाव्या दिवशी सोळा खिरापती करण्याची कल्पना आजच्या बाईंपुढे मांडण्याचे धाडस मी करणार नाही. वर्गात पाचापर्यंत गेले तरी ठीक.

हादग्याचा आणि ऋतूचा संबंधही सांगण्याजोगा आहे. सूर्य साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो. त्या दिवसांत गडगडाटासह येणारा परतीचा पाऊस तो हत्तीचा पाऊस. हस्त म्हणजे हात, आणि ज्याला सोंडेच्या रूपाने हात आहे तो हस्ती, म्हणजे हत्ती. तेव्हा पाटावरचा हत्ती हा पावसाला निरोप देणारा पाहुणा आहे असे मुलांना सांगितले तर चालेल. ढग गडगडला की 'हत्ती ओरडला' म्हणणारी मुले अजून भेटतात, हे आपले भाग्य. पूर्वी हा खेळ मुलींचा मानीत. बालवर्गात तो भेद पाळण्याचे कारण नाही. फेर धरावयाला आणि विशेषतः खिरापत ओळखावयाला मुलगे मुळीच मागे राहत नाहीत.

घटस्थापनेचे धान हे असेच घरात आयते असलेले साधन. परडीत माती, तीत गहू किंवा नवधान्य, आणि नऊ दिवसांत वीतभर अंकुर. देवघरातले हे अंकुर पिवळट आणि उंच का असतात, असे मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नये. दुसऱ्या दोन वाट्यांत तीच माती आणि तेच गहू घालावेत. एक वाटी खिडकीत उन्हाला ठेवावी, दुसरी कपाटात अंधारात. दसऱ्याला तिन्ही शेजारी मांडावीत. उन्हातले ठेंगणे, जाड आणि हिरवे. अंधारातले उंच, पांढुरके आणि मान टाकलेले. देवघरातले ह्या दोहोंच्या मधले. अंधारातले रोप उजेड शोधीत उंच धावते, इतके सांगितले म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला पुरते.

दसऱ्याच्या सोन्याविषयी एक सूचना. आपट्याचे म्हणून बाजारात जे येते त्यात कांचनाची पाने पुष्कळदा असतात. दोन्ही पाने बैलाच्या खुरासारखी दुभंगलेली, म्हणून फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे मोठे आणि पातळ. वर्गात दोन्ही आणून मुलांच्या हाती द्यावीत आणि डोळे मिटून बोटांनी ओळखावयास लावावे. प्रत्येकाला एकच पान पुरे. ओरबाडलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात पडलेल्या मुले पाहतात, आणि त्याचाही धडा त्यांना मिळतच असतो.

कोजागरीला आपल्याकडे घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. धाकट्या भावंडांनी त्यावरून रुसावे हाही त्या रात्रीचा ठरलेला कार्यक्रम. शेजारच्या गुजराती घरी तीच रात्र शरदपूनम म्हणून साजरी होते, आणि चांदण्यात ठेवलेले दूध-पोहे आपल्या आटीव दुधाच्या बदल्यात इकडून तिकडे जातात. बडोद्यातल्या मुलाला हे दोन्ही मिळते. ते आश्विन म्हणते आणि आसोही म्हणते. झेंडू आणि गलगोटा, शिंगाडा आणि शिंगोडा, हे दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर असतात. निदान असावेत. कारण आज घडते आहे ते असे की दोन्ही शब्द बाजूला पडून तिसराच येतो. मूल झेंडूला 'मेरीगोल्ड' म्हणते, आणि प्राजक्ताला तर काहीच म्हणत नाही. तक्त्यात तो नसतो ना! मराठी माध्यमाचे वर्ग आपल्या शहरात एकेकाळी होते तितके आता राहिलेले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक टप्पा मानून शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, पण घरच्या भाषेत शब्दच उरले नाहीत तर शाळा तरी कोठून आणणार? इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला इंग्रजी येऊ द्यावे. सकाळी अंगणात फुले वेचताना मात्र त्याच्याशी आजीने मराठीत बोलावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

शब्दांवरून आठवले. शेपटी खालीवर हलवीत मैदानात तुरुतुरु धावणारा पांढरा-काळा चिमुकला पक्षी आपण पाहतो. मराठीत त्याला धोबी म्हणतात, कपडे आपटल्यासारखी शेपटी हलते म्हणून. गुजरातीत त्याचे नाव दिवाळीघोडो! उत्तरेकडून तो दिवाळीच्या सुमारास येतो आणि घोड्यासारखा दुडक्या चालीने पळतो, हे सारे त्या एका नावात आले. ऋतू शिकविण्यासाठी ह्याहून छोटा पाठ कुणी लिहिला असेल असे वाटत नाही. शाळेच्या मैदानावर पहिला दिवाळीघोडो ज्याला दिसेल त्याने धावत येऊन सांगावे, अशी पैज लावून पाहावी. ज्यांना जमेल त्यांनी पुढे मुलांना डभोईकडे वढवाणा तळ्यावर न्यावे. १९१० साली बडोदे संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या ह्या तळ्याला २०२१ साली रामसर स्थळाचा मान मिळाला, आणि हिवाळ्यात तेथे हंस-बदकांचे थवे उतरतात.

सावलीचा एक प्रयोग आमच्या शहराला विशेष साजतो, कारण कर्कवृत्त येथून थोडेसेच उत्तरेला आहे. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवावी. बडोद्यास सूर्य माथ्यावर येण्याची वेळ शरदात घड्याळी बाराची नसून साडेबाराच्या आसपास असते, म्हणजे पुष्कळ बालवर्ग सुटतात तीच. २३ सप्टेंबरला त्या वेळी काठीची सावली सुमारे ४१ सेंटिमीटर पडते. नोव्हेंबरअखेर ती ९५ च्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ काठीएवढी. दर सोमवारी सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवावा. खडे पुढे सरकत जातात. सूर्य खाली कलला, दिवस लहान झाला, हे मुलांना शब्दांत सांगता येणार नाही, पण येत्या सोमवारचा खडा कोठे पडेल हे ती बोट ठेवून दाखवितात, आणि बहुधा बरोबर दाखवितात.

ह्याच कारणाने सणांच्या तारखांवर सारी भिस्त ठेवू नये. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ चा, मध्ये अधिक मास असल्यामुळे, २० ऑक्टोबरला. प्राजक्त आणि काठीची सावली अधिक मास पाळीत नाहीत. बाईंनी वर्षाचे नियोजन जूनमध्ये लिहून काढले तरी 'शरद' ह्या पाठापुढची तारीख मोकळी ठेवावी, आणि महीच्या वाळूत काशाचे पांढरे तुरे डोलू लागले अशी बातमी आली की ती भरावी.

एक शंका येण्यासारखी आहे. आमच्यातील किती तरी घरांतील मुले-सुना आता अमेरिकेत आहेत. तेथील नातवंडांना काय सांगावयाचे? त्यांना अर्थातच मेपल दाखवावा. न्यू जर्सीतल्या मुलीच्या अंगणात पाने खरोखरच तांबडी होऊन पडतात, आणि तो तक्ता तिच्यासाठी खरा आहे. तिने तेथून एक पान फोनवर दाखवावे, इकडच्या भावंडाने प्राजक्ताची ओंजळ दाखवावी. एकाच दिवशी तिकडे स्वेटर आणि इकडे पंखा हे दोघांनाही दिसले, तर त्यावर प्रश्न विचारण्याचे काम मुले आपण होऊन करतील. आजीला पृथ्वीच्या गोलाची तयारी मात्र करून ठेवावी लागेल.

राहता राहिली पानगळ. ती शिकवू नये असे कुणी म्हणत नाही. तिची वेळ येऊ द्यावी. देशी बदामाची पाने हिवाळ्यात लाल होऊन पडतात, तेथून आरंभ करता येईल. मग माघ-फाल्गुनात शाळेचे अंगण झाडणारी बाई कंटाळून जाते इतकी पाने पडू लागली म्हणजे दोन दिवस तिला झाडू नये असे विनवावे आणि मुलांना त्या ढिगात खुशाल उड्या मारू द्याव्यात. त्याच सुमारास पिंपळाला नवी पालवी फुटते, आणि ती तांबूस असते. तक्ता पाहिलेली मुले ती पाहून हमखास म्हणतात, "बाई, ही पाने आता गळणार!" तेव्हा काही न बोलता एक फांदी खाली वाकवून धरावी आणि मुलांना त्या पानांना बोट लावू द्यावे. ती लोण्यासारखी मऊ लागतात.